विष्णुपंत छत्रे

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे एकोणिसाव्या शतकातील नामांकित अश्वविद्यातज्ज्ञ, सर्कसचालक आणि हिंदुस्थानी संगीताचे जाणकार होते. २० मार्च १८८० रोजी मुंबईत त्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. भारतीय माणसाने उभारलेली आधुनिक पद्धतीची ही पहिली सर्कस मानली जाते आणि त्यामुळे विष्णुपंतांचा उल्लेख भारतीय सर्कशीचे जनक असा केला जातो. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक हद्दूखाँ यांचे ते शिष्य होते. हद्दूखाँ यांचे पुत्र रहिमतखाँ मनाचा तोल जाऊन निराधार झाले, तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना आपल्या आश्रयाला आणले आणि वडिलकीच्या नात्याने त्यांचा सांभाळ केला. सर्कशीच्या इतिहासात आणि संगीताच्या इतिहासात अशा दोन्ही ठिकाणी त्यांचे नाव येते, ते या दुहेरी कार्यामुळे.

पार्श्वभूमी

मराठ्यांच्या लष्करात घोडदळाला मध्यवर्ती स्थान होते. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन येणारा शिलेदार हे त्या दलाचे दोन मुख्य घटक होते. घोड्याची पारख, त्याची निगा, चालींचे शिक्षण आणि त्याच्या पाठीवरील पक्की मांड ही विद्या कित्येक घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि या विद्येचे मूळ प्रयोजनच नाहीसे झाले. फौजा मोडल्या, संस्थानिकांच्या पागा मात्र राहिल्या. लढाईऐवजी दसऱ्याची स्वारी, शिकार आणि पाहुण्यांपुढील कसरती यांसाठी घोडे तयार केले जाऊ लागले. चाबुकस्वाराला, म्हणजे घोडे शिकवून तयार करणाऱ्या माणसाला, संस्थानी दरबारात मान होता. पण त्याचे कौशल्य दरबाराच्या आवाराबाहेर क्वचितच दिसत असे.

कृष्णाकाठच्या पटवर्धन संस्थानांत याच काळात दुसरीही एक परंपरा आकार घेत होती. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला आणि त्यातून मराठी नाटक मंडळ्यांची वाट मोकळी झाली. कलावंतांचा संच बांधायचा, गावोगाव फिरायचे आणि तिकिटाच्या उत्पन्नावर मंडळी चालवायची, हा व्यवहार या भागातील लोकांच्या परिचयाचा झाला. संस्थानी पागेतील अश्वविद्या आणि फिरत्या मंडळीचा व्यवहार या दोन्ही गोष्टी विष्णुपंतांच्या कार्यात एकत्र आलेल्या दिसतात.

जन्म व शिक्षण

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या दशकात, सध्याच्या सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या तीरावर असलेल्या अंकलखोप या गावी झाला. शालेय विद्येपेक्षा त्यांचा ओढा जनावरांकडे आणि गाण्याकडे अधिक होता. पांढरपेशा घरातील मुलाने कारकुनी किंवा भिक्षुकी करावी अशी अपेक्षा असण्याच्या त्या काळात ही दोन्ही वेडे घरच्यांना चिंतेत टाकणारीच होती. या दोन्ही विद्या एकाच ठिकाणी मिळू शकतील असे शहर म्हणजे ग्वाल्हेर. शिंद्यांच्या या राजधानीत मराठी सरदारांच्या नामांकित पागा होत्या आणि ख्यालगायकीचे सर्वांत प्रतिष्ठित घराणेही तेथेच नांदत होते. विष्णुपंत ग्वाल्हेरला गेले.

ग्वाल्हेरात बाबासाहेब आपटे यांच्याकडे त्यांनी अश्वविद्येचे शिक्षण घेतले. घोड्याला कावा देणे, म्हणजे वर्तुळात फिरवून त्याचे वळण आणि वेग ताब्यात आणणे, हा या शिक्षणाचा पाया होता. त्यानंतर निरनिराळ्या चाली, खुणेसरशी थांबणे, मागच्या पायांवर उभे राहणे, तालावर पावले टाकणे असे धडे येत. यांतील एकही गोष्ट केवळ चाबकाच्या धाकाने साधत नाही. घोडा भित्रा प्राणी आहे; एकदा बिथरला की अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. म्हणून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आवाजात, थोडे थोडे शिकवणे आणि जमल्यावर थांबणे हे शिकवणाऱ्याला आधी स्वतःच्या अंगी बाणवावे लागते. पुढील आयुष्यात विष्णुपंतांना या सोशिकपणाचा उपयोग केवळ घोड्यांपुरता झाला नाही.

गाण्याचे शिक्षण त्यांनी हद्दूखाँ यांच्याकडे घेतले. हद्दूखाँ आणि त्यांचे बंधू हस्सूखाँ यांनी ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीला तिचे सुप्रतिष्ठित रूप दिले. ही गायकी मराठी मुलखात येण्यास त्याच पिढीपासून सुरुवात झाली होती. महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला गेलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे तालीम घेतली आणि पुढे मिरज व इचलकरंजी येथे राहून मोठा शिष्यवर्ग तयार केला. विष्णुपंतांनी गायनाचा व्यवसाय केला नाही; परंतु हद्दूखाँ यांच्याशी जडलेले गुरुशिष्याचे नाते त्यांनी जन्मभर जपले.

कुरुंदवाड येथील नोकरी

ग्वाल्हेरचे शिक्षण घेऊन आलेल्या विष्णुपंतांना कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांनी आपल्या पदरी ठेवले. संस्थानच्या पागेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळचे हे गाव सध्या कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात आहे. संस्थान लहान होते, परंतु तेथे कलांची आवड होती. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्मही १८७२ मध्ये कुरुंदवाडलाच झाला. येथील नोकरीत विष्णुपंतांना उत्तम जनावरे हाताळायला मिळाली आणि धन्याचा विश्वासही मिळाला. पुढे सर्कस उभारताना या दोन्ही गोष्टी उपयोगी पडल्या.

सर्कशीची स्थापना

आधुनिक सर्कस ही मुळातच घोडेस्वारांची निर्मिती आहे. इंग्लंडमधील फिलिप अ‍ॅस्टली या माजी घोडदळ शिपायाने १७६८ पासून लंडनमध्ये वर्तुळाकार रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. वर्तुळात एकसारख्या वेगाने धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराने अंग आतल्या बाजूस किंचित झुकवले, तर त्याचा तोल सांभाळला जातो. या तत्त्वावर रिंगणाचा व्यास सुमारे ४२ फूट ठरला आणि आजही सर्कशीचे रिंगण साधारण त्याच मापाचे असते. डोंबारी, मल्ल, विदूषक आणि हिंस्र प्राणी यांची भर या मूळ खेळात नंतर पडली.

१८७९ मध्ये ज्युसेप्पे किआरिनी या इटालियन सर्कसचालकाची 'रॉयल इटालियन सर्कस' मुंबईत आली. किआरिनी स्वतः घोडेस्वारांच्या परंपरेतील होता आणि त्याने अमेरिका खंडासह अनेक देशांत खेळ केले होते. कुरुंदवाडचे अधिपती आणि विष्णुपंत यांनी ही सर्कस पाहिली. भारताला स्वतःची सर्कस नाही आणि ती उभी राहण्यास अद्याप बराच अवकाश आहे, अशा आशयाचे उद्गार किआरिनीने काढले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान म्हणून स्वीकारले, असा वृत्तान्त सर्कशीच्या इतिहासात सर्वत्र सांगितला जातो. या प्रसंगी पैज लागल्याचेही सांगतात. पैजेची रक्कम आणि मुदत यांविषयी मात्र सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही.

आव्हान अवघड होते. विष्णुपंतांपाशी घोडे आणि विद्या होती. पण सर्कशीला लागणारे इतर काही नव्हते. माणसे जमवणे, त्यांना कसरती शिकवणे, जनावरे तयार करणे, वाद्यवृंद आणि सामान उभे करणे ही सारी कामे थोड्या महिन्यांत उरकायची होती. कुरुंदवाडच्या आश्रयामुळे हे शक्य झाले. २० मार्च १८८० रोजी मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचा प्रथम प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षाच्या जानेवारीत 'केसरी' वृत्तपत्र सुरू झाले. परकीयांकडून आलेले रूप आत्मसात करून ते आपल्या माणसांच्या बळावर उभे करण्याची जी ईर्षा त्या काळच्या मराठी समाजात दिसते, तिचेच एक उदाहरण म्हणजे विष्णुपंतांची सर्कस होय.

खेळांचे स्वरूप

सर्कशीचे मुख्य आकर्षण स्वतः विष्णुपंत आणि त्यांचे घोडे हेच होते. खोगीर नसलेल्या, चौखूर धावणाऱ्या घोड्यावर उभे राहणे, एका घोड्यावरून दुसऱ्यावर जाणे आणि लगाम नसलेल्या घोड्यांकडून केवळ खुणांवर कामे करवून घेणे हे प्रकार युरोपीय सर्कशीत रूढ होते. भारतीय प्रेक्षकाला घोडा नवा नव्हता. उलट, ज्यांचे आजे-पणजे घोड्यावर जगले होते अशा लोकांपुढे हे खेळ करायचे असल्याने त्यांत खोट चालण्यासारखी नव्हती. मल्लखांब, कुस्ती आणि दोरीवरील कसरती यांची देशी परंपराही सर्कशीला माणसे पुरवण्यास सिद्ध होती.

या सर्कशीतील दुसरे महत्त्वाचे नाव विष्णुपंतांच्या पत्नीचे आहे. त्या अधांतरी झुल्यावरील कसरती करीत आणि प्राण्यांनाही शिक्षण देत. त्या काळी मराठी नाटकांत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत आणि घरंदाज स्त्रीने लोकांपुढे येणे निषिद्ध मानले जाई. अशा समाजात सर्कसचालकाच्या पत्नीने हजारो प्रेक्षकांसमोर उंचावरच्या झुल्यावर काम करणे हे धाडसाचे होते. भारतीय सर्कशीत पुढे स्त्रीकलावंतांना जे मोठे स्थान मिळाले, त्याचा आरंभ येथे झाला असे म्हणता येते.

प्रवास आणि विस्तार

मुंबईतील यशानंतर सर्कस उत्तर हिंदुस्थानात गेली. पुढे पूर्व किनाऱ्याने मद्रासपर्यंत आणि तेथून श्रीलंकेपर्यंत तिने प्रवास केला. आग्नेय आशियातही तिचे दौरे झाले. रेल्वेचे जाळे विणले जात असल्याने देशांतर्गत प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला होता. तरी घोडे आणि इतर जनावरे, तंबूचे सामान व माणसे घेऊन गावोगाव हिंडणे खर्चाचे व जोखमीचे काम होते. जनावरांचा चारा आणि माणसांचे पगार खेळ बंद असले तरी थांबत नाहीत. पावसाळा, साथीचे रोग आणि दुष्काळ यांचा फटका अशा मंडळ्यांना थेट बसे. समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावयास लावणाऱ्या समाजातील माणसाने परदेशचे दौरे करणे हाही त्या काळी साधा निर्णय नव्हता.

दक्षिणेच्या एका दौऱ्यात मलबार किनाऱ्यावरील तेल्लिचेरी, म्हणजे आजचे तलश्शेरी, येथे विष्णुपंतांची कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी भेट झाली. कुन्हिकण्णन हे कळरीपयट्टू या केरळच्या युद्धविद्येचे जाणकार आणि व्यायामशिक्षक होते. कळरीत तयार झालेल्या मुलांच्या अंगातील लवचीकपणा आणि तोल सर्कशीला अत्यंत उपयोगाचा आहे, हे विष्णुपंतांच्या ध्यानात आले. त्यांच्या सांगण्यावरून कुन्हिकण्णन यांनी सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम हाती घेतले. १९०१ मध्ये त्यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली. त्यांच्या शिष्यांनी पुढे स्वतःच्या सर्कशी काढल्या आणि विसाव्या शतकात भारतीय सर्कशीचे केंद्र महाराष्ट्रातून केरळकडे सरकले. केरळमध्ये कुन्हिकण्णन यांना भारतीय सर्कशीचे पितामह मानतात. या दोन परंपरांचा सांधा विष्णुपंतांच्या त्या भेटीत आहे.

रहिमतखाँ यांचा सांभाळ

हद्दूखाँ १८७५ मध्ये निवर्तले. त्यांचे एक पुत्र महंमदखाँ अकालीच गेले होते. दुसरे पुत्र रहिमतखाँ यांना असामान्य गळा लाभला होता. परंतु वडील आणि भाऊ गेल्यानंतर त्यांच्या मनाचा तोल ढळला. अफूचे व्यसन लागले. घर सुटले आणि हा घराणेदार गवई बनारसमध्ये निष्कांचन अवस्थेत भटकू लागला.

विष्णुपंतांना ते तेथे आढळले. ज्या गुरूच्या घरी आपण गाणे शिकलो त्याचा मुलगा या अवस्थेत आहे हे पाहून विष्णुपंतांनी त्यांना आपल्याबरोबर आणले. तेव्हापासून रहिमतखाँ सर्कशीच्या गोतावळ्यात राहू लागले. वयाने ते विष्णुपंतांहून लहान होते आणि आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ होते. त्यांचे खाणेपिणे, कपडे, अफूची मात्रा, मनाच्या लहरी हे सारे लहान मुलाप्रमाणे पाहावे लागे. विष्णुपंतांनी ही जबाबदारी तात्पुरती मानली नाही. गुरुपुत्राला गुरूप्रमाणे मान आणि अजाण मुलाप्रमाणे माया, अशा दुहेरी नात्याने त्यांनी त्यांना वागवले.

रहिमतखाँ केव्हा गातील आणि केव्हा गप्प बसतील याचा नेम नसे. त्यांना गाते करण्यासाठी त्यांची मर्जी सांभाळावी लागे. घाई किंवा सक्ती करून काही साधण्यासारखे नव्हते. सर्कस ज्या गावी जाई तेथील रसिकांना या आश्रयामुळे रहिमतखाँ यांच्या मैफली ऐकावयास मिळाल्या. त्यांची ग्वाल्हेरची तालीम पक्की होती. पण त्यांच्या गाण्यात घराण्याच्या जोरकसपणाऐवजी स्वरांचा आर्त गोडवा होता. ते 'भूगंधर्व' या नावाने ओळखले जाऊ लागले.

या गाण्याचा परिणाम पुढच्या पिढीवर खोलवर झाला. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांची गायकी घडण्यात रहिमतखाँ यांच्या गाण्याचा मोठा वाटा होता, हे संगीताच्या अभ्यासकांनी मान्य केले आहे. अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून सवाई गंधर्व व पुढे भीमसेन जोशी हे गायक झाले. बनारसच्या रस्त्यावर हरवू पाहणारा एक आवाज कृष्णाकाठी आला नसता, तर या परंपरेचे स्वरूप काही वेगळे झाले असते.

विष्णुपंतांच्या पश्चात छत्रे घराण्यातील काशीनाथपंत छत्रे यांनी हा सांभाळ पुढे चालू ठेवला. उतारवयात, १९२० च्या सुमारास, रहिमतखाँ यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतील थोड्या मिनिटांच्या गाण्यावरूनच आजच्या श्रोत्यांना त्यांच्या आवाजाची कल्पना येते. १९२२ मध्ये कुरुंदवाड येथे त्यांचे निधन झाले. आश्रयदात्याच्या मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळ त्यांना हे घर पुरले.

उत्तरायुष्य

उत्तरायुष्यात विष्णुपंतांनी सर्कशीचा कारभार काशीनाथपंतांकडे सोपवला. घोडे आणि गाणे या तरुणपणच्या आवडी मात्र त्यांनी अखेरपर्यंत जोपासल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे निधन झाले.

 फिरत्या मंडळीचे दप्तरही फिरतेच असते. मुक्काम हलला की कागद मागे राहतात. त्यामुळे त्यांच्या चरित्रातील काही गोष्टी सर्कशीतील कलावंतांच्या आणि गवयांच्या तोंडी परंपरेतून टिकल्या आहेत.

वारसा

विष्णुपंतांच्या उदाहरणामुळे महाराष्ट्रात, विशेषतः सांगली-मिरज परिसरात, सर्कशींची एक मालिकाच उभी राहिली. म्हैसाळच्या देवल घराण्याची सर्कस आणि कार्लेकरांची ग्रँड सर्कस ही त्यांतील ठळक नावे होत. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांनी १८८७ मध्ये ग्रेट बंगाल सर्कस काढली. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे (१९०२–१९७३) हे लहानपणापासून मामांच्या सर्कशीत वाढले आणि हिंस्र प्राण्यांचे शिक्षक म्हणून अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोहोचले. भारतात सर्कस उभी राहण्यास वेळ लागेल, या मताला साठ-सत्तर वर्षांत मिळालेले हे उत्तर होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्कशीचे दिवस पालटले. केंद्र सरकारने १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०११ मध्ये न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली. प्राण्यांचे हाल आणि मुलांचे हरवलेले शिक्षण यांचा विचार करता हे निर्णय आवश्यक होते. मात्र प्रेक्षकांची करमणुकीची साधने बदलत असतानाच ते आल्याने अनेक सर्कशी बंद पडल्या.

विष्णुपंतांचे नाव प्रामुख्याने १८८० मधील पहिल्या खेळाशी जोडले जाते. तो खेळ एका आव्हानाला दिलेले उत्तर होते आणि त्याची फळे लोकांना लगेच दिसली. रहिमतखाँ यांचा सांभाळ हे काम तसे नव्हते. त्याला टाळ्या नव्हत्या, तिकीट नव्हते आणि ते वर्षानुवर्षे चालले. ग्वाल्हेर घराण्याच्या इतिहासात मात्र या सर्कसवाल्या शिष्याची नोंद गुरुऋण फेडणारा म्हणून झाली आहे.